बाळाची शूची जागा खाली आहे म्हणाले? हायपोस्पेडियासचं ऑपरेशन: आधी काय करायचं, नळीचे दहा दिवस कसे काढायचे, नंतर काय बघायचं

मी मुलांच्या सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे, बारा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य कुठलं असेल तर "अहो नळी ओढू नका", म्हणजे ऑपरेशननंतर शू बाहेर यायला नुन्नीत ठेवलेली नळी. ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं, ते सर्जन करतात. पुढचे आठ-दहा दिवस मात्र घरी आईबाप करतात, आणि त्या दिवसांबद्दल सगळं सांगितलं जातं डिस्चार्जच्या वेळी पाच मिनिटांत, जेव्हा बाळ किंचाळत असतं, बाबा बिलाच्या खिडकीवर असतात आणि आजी विचारत असते आंघोळ कधी घालायची. कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहिते. लांब होईल, सेव्ह करून ठेवा.

आहे काय हे

तीन गोष्टी असतात, तिन्ही असतीलच असं नाही. शू बाहेर यायचं भोक टोकावर नसून खालच्या बाजूला असतं. नुन्नी खाली वाकलेली असते, त्याला कॉर्डी म्हणतात. आणि पुढची कातडी सगळीकडून नसते, फक्त वरून टोपीसारखी लोंबते, खालून गायबच. बाळ पोटात असताना साधारण ८ ते १४ आठवड्यांच्या काळात ही शूची नळी मागून पुढे बंद होत येते, स्वेटरची चेन लावतो तशी, आणि ती चेन मध्येच कुठेतरी थांबली की भोक तिथेच राहतं. टोकाजवळ थांबली तर सौम्य, आणि बहुतेक मुलांचं असंच असतं. मध्यावर थांबली किंवा पार खाली गोट्यांच्या पिशवीपाशी थांबली तर जास्त काम.

साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकाला हे असतं, म्हणजे अजिबात दुर्मिळ नाही, फक्त कुणी बोलत नाही. कारण बहुतेक वेळा सापडत नाही, काही घरांत वडिलांना किंवा मोठ्या भावाला असतं. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, यातलं काहीही नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण ओपीडीत सासूबाई हे सुनेच्या तोंडावर बोलताना मी ऐकलंय आणि त्या मुलीचा चेहरा बघवत नाही हो.

गंमत म्हणजे पुष्कळदा हे डिलिव्हरीच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही, मालिशवाल्या मावशीच्या लक्षात येतं, शूची धार खाली पायावर जाते म्हणून. मावशी सांगतायत तर ऐका.

लगेच करायच्या दोन गोष्टी

पहिली, दोन्ही गोट्या हाताला लागतात का ते बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. भोक खाली आहे आणि एक किंवा दोन्ही गोट्या लागत नाहीत, असं असेल तर क्रोमोसोम आणि हॉर्मोनची तपासणी लागते. दोन्ही लागत नसतील तर हे "बघू नंतर" वालं काम नाहीये, त्याच दिवशी जा. कारण ॲड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात आजारात मुलगी असलेलं बाळ बाहेरून अगदी अशाच मुलासारखं दिसू शकतं, आणि त्यातल्या काही बाळांच्या अंगातलं मीठ पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच एवढं कमी होतं की जिवावर बेततं. उलट्या, दूध न ओढणं, सुस्त पडणं दिसलं तर रात्र असो की दिवस, बाळाला घेऊन निघा.

दुसरी, सुंता करू नका. ती लोंबणारी कातडी म्हणजे सर्जनचं कापड आहे, त्यातूनच शूच्या नव्या नळीवरचा थर मिळतो आणि खालची बाजू झाकली जाते. काही घरांत असं बाळ झालं की हा वरूनच सुंता होऊन आलाय म्हणून आनंद करतात, करा की, पण राहिलेली कातडी कापून आणू नका. आणि तसंही ऑपरेशननंतर बहुतेक मुलांचं दिसायला सुंता केल्यासारखंच दिसतं, त्यामुळे पुन्हा वेगळं काही करावं लागत नाही.

कुणाकडे जायचं

पेडियाट्रिक सर्जन किंवा मुलांचे युरोलॉजिस्ट. मोठ्यांचे युरोलॉजिस्टही काही जण छान करतात, पण मुद्दा पाटीवरच्या डिग्रीचा नाही, हे ऑपरेशन ते नेहमी करतात का हा आहे. भिंग लावून, केसाएवढ्या बारीक धाग्याने, जेमतेम सव्वा सेंटीमीटर रुंदीच्या जागेत शिवायचं असतं, वर्षाला दोन-चार करणाऱ्याचं हे काम नव्हे. लाजू नका, सरळ विचारा: महिन्याला अशा किती केसेस करता, आमचं एका टप्प्यात होईल का दोन, नळी किती दिवस, आणि तुमच्याकडे किती मुलांना पुन्हा ऑपरेशन लागतं. चांगला सर्जन या शेवटच्या प्रश्नावर चिडत नाही, आकडा सांगतो. "आमच्याकडे काही होतच नाही" असं कुणी म्हटलं तर मी तरी माझं बाळ तिथून उचलून घेऊन जाईन. टोकाजवळच्या प्रकारात चांगल्या हातांतही साधारण दहात एखाद्याला काहीतरी त्रास होतो आणि अगदी खालच्या प्रकारात तर तीनात एकाला किंवा त्याहून जास्त मुलांना, हे ऐकायची तयारी ठेवूनच जायचं.

आणि हो, सगळ्यांना ऑपरेशन लागतंच असंही नाही. भोक अगदी टोकावरच थोडं खाली, वाक नाही, धार सरळ, अशा मुलांमध्ये "काही करू नका" हेही उत्तर असू शकतं. ते ऐकून काहीजण नाराज होऊन दुसरा डॉक्टर शोधतात, कापणारा. असं करू नका.

वय

६ ते १८ महिने. या वयात बाळ डायपरमध्ये असतं, चालून-पळून टाके ताणत नाही, आणि पुढे त्याला आठवत नाही. चार-पाच वर्षांचा मुलगा नळी बघून घाबरतो, लाजतो, शू धरून ठेवतो. पण उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, आमच्याकडे नववी-दहावीतली पोरं येतात, कारण घरात कुणी बोललंच नाही आणि मुलगा शाळेत कधी भिंतीजवळ उभाच राहिला नाही. अशा मुलाला ओपीडीत आधी एकट्याला बोलू द्या डॉक्टरांशी, आई तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबा.

नुन्नी फारच लहान असेल तर काही सर्जन आधी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा मलम देतात, तात्पुरतं. पुढचा भाग साधारण १४ मिलिमीटरपेक्षा अरुंद असला की टाके उसवायची भीती जास्त, म्हणून. थोडे केस दिसले, बाळ जरा चिडचिडं झालं तर दचकू नका, हळूहळू जातं.

पैशांचं आधी बघा, आदल्या दिवशी नाही

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, ॲडमिशनच्या आधी त्याला भेटा. रेशनकार्ड, आईबापाचं आधार, बाळाचा जन्मदाखला आणि बाळाचा फोटो घेऊन जा. बाळाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलं नसतं आणि तिथेच सगळं अडतं, म्हणून ते काम आजच सुरू करा. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीची गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, त्यांचे डॉक्टर पुढे पाठवायची चिठ्ठी देतात, त्या चिठ्ठीने सरकारी हॉस्पिटलात बरीच धावपळ वाचते.

प्रायव्हेट मेडिक्लेमवाल्यांनी मात्र पॉलिसी काढून नीट वाचा. बाहेरून दिसणारा जन्मजात दोष बहुतेक घरगुती पॉलिसींत वगळलेला असतो, आणि हायपोस्पेडियास त्यातच धरतात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत कधीकधी मिळतं. एचआरला मेल टाका आणि लेखी उत्तर घ्या, तोंडी "हो होईल" वर विसंबून ॲडमिट होऊ नका.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

रक्त तपासणी, लघवीची तपासणी, आणि भुलीच्या डॉक्टरांची भेट. खालच्या प्रकारात किडनीची सोनोग्राफीही करतात. सर्दी, ओला खोकला, ताप असेल तर सांगा. प्लीज सांगा. लोक लपवतात, कारण बाबांनी सुट्टी काढलेली असते आणि गावाहून आजी आलेली असते, मग टेबलावर भूल देताना बाळाची श्वासनळी आवळते आणि ओटीत सगळ्यांची पळापळ होते. दोन-चार आठवड्यांनी पुढे गेलं तर काही बिघडत नाही.

उपाशी ठेवायचं गणित लिहून फ्रिजवर लावा: जेवण, बिस्किट, वरचं दूध, पावडरचं दूध ६ तास आधी बंद. आईचं दूध ४ तास आधी बंद. साधं पाणी २ तास आधीपर्यंत. पेज, सरबत, नारळपाणी यांना पाणी समजू नका. एका आईने पहाटे "रडतोय म्हणून फक्त दोन चमचे खिमट" दिलं होतं, ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं आणि बाळ दोनदा उपाशी राहिलं. रात्री अलार्म लावून वेळेच्या आत पोटभर पाजा, हा सोपा उपाय आहे.

घरून आणायचं: दोन मापांचे डायपर (नेहमीचा आणि एक मोठा), पुढून उघडणारे सुती झबले, कात्री, कागदी चिकटपट्टी, आणि बाळाचं रोजचं दुपटं. पाळण्यातलं मळकं दुपटं असेल तरी तेच आणा, धुऊन.

ओटीत काय होतं

पूर्ण भूल देतात, आणि शिवाय पाठीत अगदी खाली एक इंजेक्शन, त्याने कमरेखालचं चार-सहा तास दुखत नाही. बाळ बाहेर आल्यावर पाय हलवत नाही म्हणून घाबरतात सगळे, ते या इंजेक्शनमुळे असतं, उतरतं.

सर्जन आधी कातडी मागे सोडवतात, सलाईन भरून नुन्नी किती वाकते ते बघतात आणि ती सरळ करतात. मग शूच्या नळीची जी उघडी पट्टी असते तिला मधोमध एक उभा छेद देऊन रुंद करतात आणि दोन्ही कडा एका बारीक नळीवर गुंडाळून शिवतात. ही पद्धत स्नॉडग्रास नावाच्या अमेरिकन सर्जननी १९९४ मध्ये मांडली, सौम्य आणि मधल्या प्रकारात आज खूप ठिकाणी हीच करतात. शिवणीवर शिवण येऊ नये म्हणून कातडीखालचा एक पातळ थर मध्ये पांघरतात, घरी गोधडीला अस्तर देतो ना, तसं. हा थर नीट बसला की भोक पडायची शक्यता कमी. वाक जास्त असेल किंवा पट्टीच चांगली नसेल तर दोन टप्पे: आधी सरळ करून तिथे कातडीचा किंवा ओठ-गालाच्या आतल्या पापुद्र्याचा तुकडा लावायचा, साधारण सहा महिने तो मुरू द्यायचा, मग नळी बनवायची. दोन टप्पे म्हणजे बिघडलं असं नाही, तो आधीपासूनचा प्लॅन असतो.

नळीचे दिवस

आता खरं काम. बहुतेक बाळांना सहा किंवा आठ नंबरची फीडिंग ट्यूब असते, नुन्नीच्या टोकाला एका टाक्याने बांधलेली, ७ ते १० दिवस. त्यातून शू थेंबथेंब गळत राहते. गळतंय म्हणजे सगळं बरोबर चाललंय.

डबल डायपर शिकून घ्या, सिस्टरकडून एकदा नाही दोनदा करून दाखवून घ्या, आणि दुसऱ्यांदा तुम्ही करा तिने बघायचं. नेहमीच्या मापाचा डायपर घ्या, पुढच्या भागात वर, बेंबीच्या खाली येईल असं, बोट जाईल एवढं भोक कापा. भोकाच्या कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर आतलं जेल फुगून टाक्यांवर चिकटतं आणि ते काढताना तुम्ही आणि बाळ दोघं रडता. नुन्नी पोटाच्या दिशेने वर ठेवायची, नळी त्या भोकातून बाहेर काढायची, डायपर लावायचा. त्यावरून मोठा डायपर, नळीचं टोक या दोघांच्या मध्ये खाली वळवून. झालं, शी आतल्या डायपरमध्ये, शू बाहेरच्या. बाहेरचा तीन-चार तासांनी बदला, आतला शी झाली की लगेच. प्रत्येक वेळी डायपर लावल्यावर बोट फिरवून बघा की इलॅस्टिकखाली नळी दुमडली तर नाही ना.

मोठ्या मुलाला नळी लघवीच्या पिशवीला जोडतात. पिशवी कायम मुलाच्या कमरेच्या खाली, पलंगावर त्याच्या शेजारी झोपवू नका तिला.

कडेवर घ्यायचं नाही. हे आपल्याकडे सगळ्यात कठीण जातं, कारण पोर रडलं की हात आपोआप त्याला कमरेवर फाकवून बसवतात. दोन्ही पाय एकत्र ठेवून आडवं किंवा खांद्याशी उभं धरा. बाबागाडी, तीनचाकी, घोडा, मांडीवर घोडा-घोडा, सगळं तीन आठवडे बंद. येणाऱ्या पाहुण्यांनाही दारातच सांगा.

एक प्रकार रात्री होतो आणि सगळे घाबरून फोन करतात. बाळ शांत झोपलेलं असतं, अचानक पाय पोटाशी घेतं, लालबुंद होतं, किंचाळतं, नळीच्या बाजूने शू येते, आणि मिनिटाभरात पुन्हा शांत. हा मूत्राशयाचा गोळा, नळी आत टोचते म्हणून येतो. त्यासाठी औषध लिहून दिलेलं असतं, बहुतेक ऑक्सिब्युटिनिन, वेळेवर द्या. त्याने तोंड कोरडं पडतं, गाल लाल होतात, घाम कमी येतो म्हणून उन्हाळ्यात बाळाला गुंडाळून ठेवू नका, आणि शी घट्ट होते. शी घट्ट झाली की बाळ कुंथतं, कुंथलं की गोळा येतो, गोळा आला की टाके ताणतात. म्हणजे शीचं औषधही तितकंच महत्त्वाचं, जे हमखास विसरलं जातं. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला काळ्या मनुकांचं पाणी, पपई, भरपूर पातळ खाणं द्या.

ड्रेसिंग सर्जननी सांगितलेल्या दिवशीच निघतं. आधीच सैल होऊन पडलं तर फोन करून सांगा, घरी पुन्हा गुंडाळू नका. ड्रेसिंगखालून जे दिसतं ते बघून आया हादरतात: सुजलेलं, निळं-जांभळं, वर पिवळट पापुद्रा. हे नॉर्मल आहे, महिनाभर तरी सुंदर दिसणार नाहीये. हळद नको, तूप नको, नारळाचं तेल नको. दिलेलं मलमच लावा.

आणि कधी धावायचं? दोन तासांत नळीतून एकही थेंब नाही, तर आधी नळी कुठे दुमडली ते बघा, बाळाला पाजा. तरीही गळत नाही आणि ओटीपोट टणक लागतंय तर निघा. कापडाने दहा मिनिटं हलकं दाबून धरूनही लाल रक्त थांबत नाही, १०१ च्या वर ताप, घाण वासाचा पू, टोक काळं पडतंय, बाळ सारखं उलटी करतंय, यातलं काहीही असेल तरी सकाळची वाट बघू नका. नळीच बाहेर आली तर पुन्हा आत घालायचा प्रयत्न कुणीही करायचा नाही, शेजारचे कंपाउंडर काकाही नाही. नळी पिशवीत ठेवा, फोन करा, हॉस्पिटलला जा. बऱ्याच मुलांना नळीशिवायही शू होते आणि काही बिघडत नाही, पण ते ठरवायचं सर्जननी.

नळी निघाल्यावर

नळी ओपीडीतच काढतात, टाका कापला की सरकन येते. अर्धा तास आधी पॅरासिटामोल देऊन न्या. पहिली शू करताना बाळ जोरात रडतं, जळजळतं, धार इकडेतिकडे उडते. टबमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात बसवा, पाण्यातच शू करू दे, निम्मा त्रास तिथेच कमी होतो. दोन-तीन दिवस धार विचित्र असेल.

पुढचे काही महिने तुमचं काम एकच, धार बघणं. मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढा आणि तो फक्त डॉक्टरांना दाखवा, फॅमिली ग्रुपवर टाकू नका, हे मूल उद्या मोठं होणार आहे. धार सुतासारखी बारीक झाली, बाळ कुंथून शू करतंय, खूप वेळ लागतोय, तर भोक आवळलंय, लगेच दाखवा. शू करताना खालच्या बाजूला फुगा आल्यासारखं दिसतं, तेही दाखवा. आणि दोन धारा दिसल्या, एक टोकातून आणि एक खालून, किंवा खाली नुसता थेंब टपकतो, तर तो फिस्टुला, म्हणजे शिवणीत पडलेलं छोटं भोक. फिस्टुला झाला म्हटल्यावर लोक दुसऱ्याच आठवड्यात "आता बंद करून टाका" म्हणून येतात. करत नाहीत, किमान सहा महिने थांबतात, सूज पूर्ण उतरून कातडी मऊ व्हावी लागते, नाहीतर परत तिथेच फाटतं. अगदी बारीक असेल तर कधी आपोआपही बुजतो. या सहा महिन्यांत चिडून डॉक्टर बदलत फिरू नका, हवं तर एक दुसरं मत घ्या आणि थांबा.

आजींचा प्रश्न, लग्नाचं काय, मुलं होतील का. गोट्या जागेवर आणि चांगल्या असतील, नुन्नी सरळ असेल तर सौम्य प्रकारात काळजीचं कारण सहसा नसतं. खालच्या प्रकारात आणि गोट्या न उतरलेल्या मुलांत डॉक्टर ते वेगळं बघतात. मुलगा डायपर सोडून उभं राहून शू करायला लागला की एकदा दाखवायचं, तेव्हा यंत्रात शू करायला लावून धारेचा आलेख काढतात, आणि वयात येताना पुन्हा एकदा, कारण वाढताना वाक परत दिसू शकतो. मुलाला सहा-सात वर्षांचा झाला की साध्या शब्दांत सांगा, तू लहान होतास तेव्हा तुझी शूची जागा दुरुस्त केली. लपवलेलं कधीतरी कळतंच.

शेवटचं एक काम, फाईल. डिस्चार्ज कार्ड तर सगळे ठेवतात, त्यासोबत ऑपरेशन नोटची झेरॉक्स मागून घ्या, ज्यात कुठली पद्धत केली, कातडी कुठली वापरली, वाक किती होता हे लिहिलेलं असतं. मागच्याच वर्षी एक अकरा वर्षांचा मुलगा आला, आधी दोन ऑपरेशनं झालेली, खाली दोन भोकं, आणि कागद पुरात वाहून गेलेले. सरांना अंदाजाने सुरुवात करावी लागली, तासाचं काम तीन तास चाललं. फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, दोन मिनिटं लागतात.